बटण हितं, बल्ब तिथं

“सोड. सोड त्याचं पाय. सोड म्हन्तो न्हवं, का देऊ एक ठिवून?”

ओरडत होते तात्या आणि पाय होते माझे. बारामतीजवळच्या जळोचीत, तात्यांच्या सोप्यात मी लाकडी बाकावर पालथा पडलो होतो. माझा मेव्हणा दिनकर इंदापूरहून खास माझ्या कमरेची चौकशी करायला आला होता. तो माझ्या दोन्ही घोट्यांना असा लोंबकळला होता, जणू मी विहिरीत चाललोय. खरं म्हणजे ओरडायची पाळी माझी होती, आणि ती मी क्षणभर आधी चोख पार पाडली होती. माझ्या ओरडण्यानं समोरच्या लिंबावरचे बगळे उडाले ते थेट उजनीच्या पाण्यावर जाऊन बसले, असं पुढं लोक सांगत. लोक म्हणजे मीच.

पण तात्यांचा आवाज चढला तसा मी गप्प झालो. सात वर्षांच्या शेजारात या माणसानं कुत्र्यालासुद्धा मोठ्यानं ‘हाड’ म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. दिनकरनं पाय सोडले. तात्यांनी कपाळ पुसलं आणि नेहमीच्या खालच्या पट्टीत म्हणाले, “पेशंटाला धरायचं न्हाय. त्याला उठून जावं वाटलं तर जाऊ द्यायचं.”

मी उठलो आणि गेलो.

आता हे तात्या कोण ते सांगतो. साखर कारखान्यात तीस वर्षं वायरमन होते. उभं आयुष्य खांबावर काढल्यामुळं त्यांची मान एक दिवस वर बघता बघता तिथंच अडकली. महिनाभर तात्या देवाशी बोलल्यासारखे फिरत होते. कुणीतरी त्यांना पुण्याला सुया टोचणाऱ्या डॉक्टरांकडं नेलं. मान मोकळी झाली, आणि मोकळी झाल्यावर पहिल्यांदा वळली ती चीनकडं. पुन्हा इकडं वळलीच नाही. रिटायर झाल्यावर दर शनिवारी पहाटेच्या एसटीनं पुण्याला जाऊन तात्यांनी त्या सुयांचा कोर्स केला. भिंतीवर वायरमनचं लायसन होतंच. त्याच्या शेजारी त्याच मापाच्या फ्रेममध्ये हे सर्टिफिकेट लागलं.

मी पहिल्यांदा हसलो तेव्हा त्यांनी मला समोर बसवलं.

“मास्तर, बल्ब कुठं आस्तो?”

“छताला.”

“आन् बटण?”

“दाराजवळ.”

“बल्ब लागंना झाला तर आधी आढ्याला शिडी लावता, का बटण बघता?”

“बटण बघतो.”

“मग गुडघा दुखला की लोकं गुडघाच का चोळत बसत्यात? बटण हितं, बल्ब तिथं. मधी लाईन हाय. चीनवाल्यांनी ती लाईन हुडकली, बास.”

हे ‘बटण हितं, बल्ब तिथं’ तात्या दिवसातून चाळीस वेळा म्हणत. कुणाचा खांदा धरला की ‘फ्यूज गेलाय’, कुणाला मुंग्या आल्या की ‘लूज कनेक्शन’, आणि झोप येत नाही म्हणणाऱ्याला ‘मेन स्विच बंद करायला शिका आधी’. सुई टोचल्यावर ते दुखलं का असं विचारत नसत. “जड वाटलं का? करंट पोचला का?” एवढंच विचारत.

सोप्यात एका चिनी माणसाचं पुरुषभर चित्र होतं. टकला, ताठ उभा, आणि अंगावर कपड्यांऐवजी नुसत्या रेघा नि टिंबं. तात्या त्याला ‘पाव्हणा’ म्हणत. तात्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, पहिल्याच दिवशी पाव्हण्याला खळ लावून खाकी कागदाची चड्डी चिकटवली. तिच्याखाली दहा-बारा टिंबं कायमची गेली. त्या भागातलं दुखणं घेऊन कुणी आलं की तात्या पुस्तक काढून बघत, पण चड्डी काढली नाही. खंडेनवमीला पक्कड, टेस्टर, सुयांची डबी आणि पाव्हणा यांची एकत्र पूजा होई. सुया उकळायला काकूंचा कुकर लागे, तीन शिट्ट्या. काकू म्हणत, “ह्या घरात भात दोन शिट्ट्यांत हुतो आन् सुया तिनात. म्या कुनाच्या शिट्ट्या मोजायच्या?”

आणखी एक तऱ्हा होती. कोर्समध्ये एका पाल्याची चिरुटासारखी कांडी शिकवतात. ती पेटवून कातडीजवळ धरायची आणि ऊब द्यायची. तात्यांनी त्या कांड्यांचा पुडका पुण्यातच कुणाला तरी देऊन टाकला. त्यांच्या सोप्यात उदबत्तीसुद्धा लागत नसे. बिडी ओढणाऱ्या पेशंटाला रस्ता ओलांडून पलीकडं जावं लागे. मी शाळेत सांगत असे, “चारशे चाळीस व्होल्टला न भिणारा हा माणूस काडीपेटीला भितो.” सगळे हसत. मीही हसे.

तर त्या दिवशी मी तात्यांच्या घराबाहेर पडलो, दिनकरला चहाला न्यायला मोपेडवर मागं घेतलं, आणि कालव्याच्या पुलाजवळ त्यानं मागून विचारलं, “दाजी, सुई लई आत गेली का वो?”

इथंच माझ्या तोंडून घडलं ते. वास्तविक सुई आत गेलीच नव्हती. डबीसुद्धा उघडली नव्हती. माझ्या कमरेला लागला होता तो स्पिरिटचा बोळा. कापसाचा. गार. त्या बोळ्याला मी बोंब ठोकली होती. दिनकरला हे दिसलं नव्हतं, कारण त्यानं माझ्यापेक्षा घट्ट डोळे मिटले होते. आता मेव्हण्याला कोण सांगणार की तुझा दाजी कापसाला भ्यायला?

“आत गेली ती गेली,” मी म्हटलं, “वर मोडली.”

दुसऱ्या दिवशी शाळेत ती सुई चार बोटं होती. स्टँडवरच्या कॅन्टीनमध्ये वीतभर झाली. दिनकर ती घेऊन इंदापूरला उतरला तेव्हा ती माझ्या अंगात फिरायला लागली होती. आज गुडघ्यात आहे, उद्या काळजात निघेल, डॉक्टरांनी हात टेकलेत. आठव्या दिवशी बायकोची एक लांबची चुलती इंदापूरहून डोक्यावर पदर घेऊन, डोळे पुसत दारात आली. मी ओसरीत बसून पिठलं-भाकरी ओरपत होतो. ती माझ्याकडं बघून बायकोला रागानं म्हणाली, “मग ह्यो कोन?”

मी हा किस्सा महिनाभर सांगितला. काय हशा मिळायचा. इंदापुरात मी मेलो होतो आणि बारामतीत त्यावर टाळ्या घेत होतो.

तात्या दर रविवारी इंदापूरला जात. तिथं त्यांच्या मावशीच्या पडवीत सुया लावून घ्यायला माणसं जमत. दोन वर्षं खांदा धरलेल्या मावशीला आता स्वतःचा अंबाडा स्वतः घालता येत होता, तीच मोठी जाहिरात. एका रविवारी तात्या दुपारीच परत आलेले दिसले. हातात जेवणाचा डबा, तसाच भरलेला. पुढच्या रविवारीही तसंच. तिसऱ्या रविवारी ते गेलेच नाहीत. सोप्यात पाव्हण्यासमोर बसून राहिले.

मला कुंपणावरून हाक मारली. “मास्तर, कंबर कशी हाय?”

“बरी आहे.”

“वाकू नगा जास्त.”

बस्, एवढंच. मोडलेल्या सुईचा विषय नाही. ‘मास्तर खोटं बोलला’ असं ते कुणापाशी म्हणाले नाहीत. कुणी तोंडावर विचारलं की सुई खरंच मोडली का, तर सांगायचे, “मास्तरला इचारा. त्यांच्या अंगातली हाय.” त्या दिवसापासून मी शाळेला कालव्याकडून लांबच्या रस्त्यानं जायला लागलो. बायकोला म्हटलं, कमरेला चालणं चांगलं.

काकूंनी मात्र सोडलं नाही. त्यांनी कुंपणाशी उभं राहून माझ्या बायकोला सांगितलं, पण आवाज मला ऐकू येईल एवढा ठेवला.

तात्यांची आई मधल्या खोलीत असे. आम्ही सगळे तिला आई म्हणत असू. हे घराणं पूर्वी मेंढरामागं फिरणारं. तरणेपणी मेंढरं घेऊन घाटाकडं निघालेली असताना वाटेत तिची कंबर धरली. तळावरच्या एका जाणत्यानं विळा लाल करून तिला तीन डाग दिले. तेव्हा दुखण्याला तोच उपाय. मेंढराला तो, माणसाला तोच. दुखणं गेलं नाही. डाग राहिले. तात्या तेव्हा दहा-अकरा वर्षांचे, तिच्याबरोबरच मेंढरामागं. आता ती पंचाऐंशीच्या घरात. कंबर आणि गुडघे रात्रंदिवस ठणकत, पण अंगाला कुणाला हात लावू देत नसे. पायथ्याशी कुणी बसलं तर पाय लुगड्यात ओढून घेई.

“मान तर नुसतं निमित्त,” काकू म्हणाल्या. “कोर्स ह्यांनी म्हातारीसाठी केला. चार वरसं मनवत्यात तिला. मावशीनं आंबाडा घालून दावला तवा कुठं म्हनली, लाव बाबा आता. आन् त्याच आठवड्यात मास्तरची सुई मोडली.”

मी ओसरीत पेपर धरून बसलो होतो. पेपर उलटा होता हे बायकोनं सांगितलं.

मी फार खोटं बोललोय आयुष्यात. पाच फुटांचा नाग बारा फुटांचा केलाय, कोऱ्हाळ्याच्या एका बैलाला मी शेकहँड करायला लावलाय. त्यात कुणाचं काही गेलं नव्हतं. इथं मात्र एका म्हातारीचं दुखणं मी माझ्या अब्रूवर पांघरूण म्हणून घेतलं होतं. जेवण जाईना. आणि माझं जेवण न जाणं ही माझ्या कुठल्याही थापेपेक्षा अविश्वसनीय गोष्ट आहे.

रविवारी सकाळी तात्यांच्या दारात उभा राहिलो. “तात्या, सुया लावा. पण मधल्या खोलीत. आईंसमोर.”

तात्यांनी सुयांची डबी काढली. मग कुकर चढवायला सांगितलं.

मी आईच्या बाजेसमोर सतरंजीवर पालथा झालो. दारात काकू आणि माझी बायको. बोळा लागला, गार. मी दात चावले. मग एक सुई, दुसरी, अशा सहा. डास बसल्याएवढं कळलं, आणि मग आत काहीतरी जड, संथ पसरत गेलं. खरं सांगतो. हे वाक्य मी हजारदा वापरलंय, या खेपेला पहिल्यांदा त्याच्या अर्थानं वापरतोय.

“जड वाटलं का?” तात्या.

“वाटलं.”

“दुखतंय का रं?” हा प्रश्न बाजेवरून आला.

“नाही आई. अजिबात नाही.”

म्हातारी हसली नाही. “मागल्या खेपंला मोडली म्हनलास. आज दुखत न्हाय म्हंतूस. त्या टायमाला खोटं, का आत्ता खोटं?”

चोरानं चोरी सोडली तरी त्याला पहारेकरी म्हणून कुणी ठेवत नाही, तशी माझी गत. मी डोळे मिटून पडलो असतो तरी तिनं म्हटलं असतं, खोटा निजलाय.

“त्या टायमाला,” मी म्हटलं.

“मंग वरडलास का? हितं ऐकलं म्या.”

दारात बायको उभी होती. सतरंजीच्या विणीत तोंड घालून मी बोललो, “बोळा होता, आई. कापसाचा. गार लागला.”

काकूंना हसू फुटलं आणि त्यांनी ते पदरात दाबलं. मी इतक्या लोकांना हसवलं, पण असं हसू कधी ऐकलं नव्हतं.

“कापसाला?” म्हातारी म्हणाली.

“कापसाला.”

“इंदापुरात जाऊन सांगशील? माझ्या भनीच्या पडवीत?”

“सांगतो.”

मी पुढं सांगितलंही. तात्यांबरोबर एसटीनं गेलो आणि पडवीत उभं राहून दिनकरसमोर सांगितलं. निम्म्यांना पटलं. निम्मे म्हणाले, शेजारधर्म पाळतोय बिचारा, सुई अजून आतच आहे. खोट्याला पाय लागतात तसे खऱ्याला लागत नाहीत. पण पडवीत पुन्हा चार माणसं बसायला लागली.

त्या सकाळी मात्र म्हातारी छताकडं बघत पडून राहिली होती. माझ्या सुया काढून झाल्या. तात्या डबी बंद करणार एवढ्यात तिनं पांघरुणातून उजवा हात बाहेर काढला. हाडं आणि हिरव्या शिरा.

“हाताला एक लाव,” ती म्हणाली. “पायापशी यायचं न्हाय.”

“न्हाय येत, आई. बटण हितंच हाय,” तात्या म्हणाले. नेहमीचं वाक्य, पण या खेपेला अर्धंच.

तीस वर्षं चालू लाईनवर काम केलेल्या बोटांनी त्यांनी आधी तिच्या हातावरची जागा चाचपली. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात त्यांनी सुई लावली. तिनं डोळे मिटले नाहीत, त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. तात्या तिच्या उशाशी जमिनीवर मांडी घालून बसले, तिला दिसतील असे. वीस मिनिटं हलले नाहीत. मध्ये एकदाच विचारलं, “जड वाटलं का?” ती म्हणाली, “वाटलं,” आणि लुगड्यात ओढून घेतलेला एक पाय हळूच सरळ केला.

नंतर आम्ही सोप्यात आलो. तात्या पाव्हण्याखाली उभे राहून स्पिरिटनं एकेक सुई पुसत होते. मला काहीतरी बोलायला हवं होतं. माफी मागायला तोंड होईना, म्हणून मी दुसरंच विचारलं.

“तात्या, त्या दिवशी दिनकरनं नुसते पाय धरले होते. एवढं का ओरडलात?”

त्यांनी हातातली सुई पुसून डबीत ठेवली.

“आईला डागलं तवा पाय म्या धरलं हुतं.”