सिंहाचं माप आणि धातूंचा तक्ता

एका जंगलात एक गुहा रिकामी झाली. कुठल्या जंगलात, असं विचारू नका. मध्येमध्ये विचारणाऱ्यांना मी गोष्ट सांगत नाही.

गुहा चांगली ऐसपैस होती. आत वारा नाही, ओल नाही. बनूबाई अस्वलिणीला ती हवीच होती, कारण तिचे दिवस भरले होते. पिल्लं आज होतील की उद्या, एवढाच प्रश्न होता. थंडी तर अशी, की माकडांचे दात वाजत होते. नवरा मध आणतो म्हणून गेला तो गेलाच. मेला कुठला!

बनूबाईनं सिंहाकडे अर्ज केला. गुहा सिंहमहाराजांच्याही मनात भरली होती. पण तसं आपल्या तोंडानं म्हणणं बरं दिसत नाही. ते म्हणाले, "अर्जदारांत जो सर्वांत मोठा, त्याला गुहा. माप घ्या. माझाही अर्ज धरा."

हत्ती मोठा नाही का? आहे ना. पण तो गुहेत मावत नाही, म्हणून त्यानं अर्जच केला नव्हता. सांगितलं ना, मध्येमध्ये बोलू नका!

माप घ्यायला कोल्हेपंडित आले. ते नुकतेच परमुलुखातून धातुशास्त्र शिकून आले होते आणि ते कुठेतरी वापरावं म्हणून त्यांचे हात शिवशिवत होते.

"महाराज, प्राणी नेमका कुठे संपतो?" ते म्हणाले. "कातडीवर, की केसांवर? धातूच्या अणूचंही तसंच. त्याला धड कडाच नसते. म्हणून एकाच धातूचे दोन शेजारी अणू घ्यायचे. याच्या मध्यापासून त्याच्या मध्यापर्यंत अंतर मोजायचं आणि निम्मं करायचं. ती धातूची त्रिज्या. आपणही तसंच करू."

दोन घुशी चिकटून उभ्या राहिल्या. बेंबीपासून बेंबीपर्यंत एक वीत भरली. निम्मी केली, अर्धी वीत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग बनूबाई पुढे आली.

"दुसरी अस्वलीण आणा," पंडित म्हणाले.

"कुठून आणू, बाबा? इथे मी एकटीच."

"मग तुम्हाला माप नाही."

"अरे, ही एवढी तुझ्यापुढे उभी आहे की मी!"

"असाल हो उभ्या. पण निम्मं कशाचं करू?"

सिंहाचीही तीच पंचाईत होती. दुसरा सिंह आणा, असं म्हणायला पंडितांनी तोंड उघडलं आणि लगेच मिटलं.

"हरकत नाही," ते म्हणाले. "माझ्याकडे धातूंचा तक्ता आहे. तक्त्यात कोण कुठे बसतो हे कळलं, की लहानमोठा कोण ते आपोआप कळतं. आधी सगळे ओळीनं उभे राहा पाहू."

टेकडीच्या उतारावर ओळी लागल्या. वरची ओळ मानाची, आणि तिचा उजवा कोपरा तर फारच मानाचा. तिथे महाराज बसले. ढकलाढकलीत बनूबाई पार खालच्या ओळीत गेली, डाव्या कोपऱ्यात, चिखलात. तिच्या पोटात कळा सुरू झाल्या होत्या. बिचारीला रडू येत होतं.

पंडितांनी तक्ता झाडाला टांगला आणि वाचायला सुरुवात केली. "ओळीत डावीकडून उजवीकडे जावं, तसा अणूचा मध्य जास्त जोरानं अंग आत ओढतो. म्हणून धातू लहान होत जातो. मधले काही ऐकत नाहीत, त्यांच्याकडे बघू नका. वरून खाली यावं, तसं प्रत्येक ओळीला एक नवं कवच चढतं. म्हणून धातू मोठा होत जातो. म्हणजे सर्वांत मोठा खाली डावीकडे, आणि सर्वांत लहान वर उज..."

पंडितांनी हळूच वरच्या ओळीकडे पाहिलं.

"वर उजवीकडे कोण आहे?" सिंहानं विचारलं.

"अरेच्चा! तक्ता उलटा टांगला गेला की, महाराज!" पंडितांनी झटकन तक्ता फिरवला, वरची बाजू खाली. आता सर्वांत मोठा आला वर उजवीकडे. गुहा महाराजांना मिळाली. बनूबाईला घुशीचं एक जुनं बीळ मिळालं. त्यात तिचा पंजासुद्धा जाईना.

"अहो, पण अक्षरं उलटी दिसतायत," एक म्हातारं माकड म्हणालं.

"अक्षरं बरोबर आहेत. आपण उलटे उभे आहोत," पंडित म्हणाले. "खाली डोकं, वर पाय करा. सुलटी दिसतील."

"आणि जो पायांवर उभा राहील त्याला तक्ता उलटा दिसेल," सिंह गुरगुरला. "तो राजद्रोही!"

मग काय विचारता! हरणं, डुकरं, हत्ती, सगळे डोक्यावर. स्वतः महाराजसुद्धा.

बनूबाईला काही ते जमेना. पोटात पिल्लं, ती कसली डोक्यावर उभी राहतेय! तिनं समोर पाहिलं. गुहेच्या वाटेवर नुसते वर केलेले पाय होते. हात लावायला कोणी मोकळं नव्हतं. पायांमधून वाट काढत ती तडक गुहेत शिरली.

"महाराज, अस्वलीण आभाळातून चाललीय!" माकड ओरडलं.

"धरा तिला!"

"धरायला पायांवर उभं राहावं लागेल, महाराज."

सिंहानं बराच विचार केला. रक्त सगळं डोक्यात उतरलेलं, त्यामुळे वेळ लागला. तोवर गुहेतून दोन पिल्लांचं कुईकुई ऐकू आलं.

गुहा अजून महाराजांच्याच नावावर आहे. महाराज अजून डोक्यावरच आहेत.

तात्पर्य : शास्त्र नेहमी राजाच्या सोयीनं फिरवावं. त्यानं सगळे शहाणे खाली डोकं वर पाय करून उभे राहतात आणि बाळंतिणीला वाट मोकळी मिळते.