नानांचं तिसरं उत्तर

आमच्या नानांना "चहा घेणार?" असं विचारलं, तर ते हो म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत. हवेत बोटानं एक रिकामा चौकोन काढतात. म्हणजे उत्तर आहे, पण तूर्त दिलेलं नाही. तोवर चहा निवून जातो.

बँकेतल्या बदलीनं मी काशीला आले आणि ब्रह्मा घाटावर नानांच्या माडीवर भाडेकरू झाले. नाना तर्कशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. पाच पिढ्या इथल्याच, त्यामुळे मराठीही इथलीच. "मुली, उत्तरं दोनच असतात असं मानणं म्हणजे सरासर आळस!" भाजीवाला "ताजी आहे" म्हणाला, की हे वहीत चौकोन काढणार. अशा कपाटभर वह्या. त्यांत नानांचं नवं तर्कशास्त्र होतं: खरं, खोटं आणि तिसरं 'दाबलेलं'. जे म्हणायचं होतं पण म्हणू दिलं नाही, ते. लांबलांबचे विद्वान त्यावर पत्रं पाठवत.

"हे सुचलं कुठून, नाना?" एका सकाळी मी विचारलं. गंगेवर धुकं होतं. होड्या, पैलतीर, सगळं विरघळलेलं. नाना त्या पांढऱ्याकडे बघत बोलू लागले.

"आणीबाणीत. बनवारी नावाचा पेंटर माझा दोस्त होता. गल्लीतल्या भिंतीवर सरकारची तारीफ लिही, असा त्याला हुकूम झाला. त्यानं वेलबुट्टीची सुरेख चौकट रंगवली आणि आत काहीच लिहिलं नाही. लोक थांबून वाचायचे गं ती कोरी भिंत! वाचून हसायचे. मग पोलिसांचा दरोगा आला. गर्दीत मी पुढे होतो. मलाच विचारलं, 'कुछ लिखा है?' मी म्हणालो, 'नहीं.' हुकूम मोडला म्हणून बनवारीला धरून नेलं. आठ महिने आत होता."

"पण तुम्ही खरंच बोललात."

"तेच तर! 'हो' चूक होतं आणि 'नाही' त्याहून चूक. तेव्हापासून तिसरं उत्तर शोधतोय."

"आणि बनवारी?"

"मुन्शी घाटावर असतो. मी तिकडे फिरकलो नाही."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना हाताला धरून नेलंच. बनवारी पायरीवर पेरू कापत बसले होते. नाना उभ्यानंच म्हणाले, "बनवारी, वो मैंने कहा था. कि कुछ नहीं लिखा."

"मालूम है." त्यांनी मान वर केली नाही. "हम वहीं तो खड़े थे."

मग त्यांनी टोपली पलीकडे सरकवली, शेजारची दवानं ओली पायरी गमछ्यानं पुसली. "बैठो. ओस पड़ी है."

नाना बसले. त्यांचे खांदे हलू लागले. बनवारींनी पेरूच्या फोडीला मीठ लावलं आणि त्यांच्या हातात दिली.