चवथीचा चंद्र आणि शेजारी शुक्र

आमचे शेजारी वसंतअण्णा एकट्या चंद्राचा फोटो काढत नाहीत. पौर्णिमेला सारं धारवाड माना वर करून उभं असलं, तरी अण्णा घरात शेंगा फोडत बसतात. “ताटाएवढं ताट. त्यात काय बघायचं?” पण चंद्र एखाद्या ग्रहाजवळून जाणार अशी कुणकुण लागली, की अण्णा गच्चीवर.

मग मला हाक येते. रस्त्यावरच्या दिव्याला छत्री आड धरणं हे माझं काम. कचेरीत माझ्या हाताखाली चार माणसं आहेत. गच्चीवर मी छत्रीच्या हाताखाली असतो. पिठाच्या डब्यावर दुर्बीण, दुर्बिणीला रबरानं बांधलेला मोबाईल. “हलू नको की रे! गुरू पळाला बघ!” गुरू जागेवरच असतो. डब्याला माझा पाय लागलेला असतो.

“खरंच इतके जवळ येतात हो?” मी एकदा विचारलं.

“कुठले! कोटी कोटी मैल लांब. इथनं तसे दिसतात, बस्स.”

यंदा शुक्रानं घोटाळा केला. चंद्राला गाठायला त्यानं नेमकी गणेश चवथीची संध्याकाळ धरली. त्या दिवशी चंद्र पाहिला की चोरीचा आळ येतो, हे कुणाला ठाऊक नाही? माझी बायको सुमन दारातच उभी राहिली. “गच्चीवर गेलात तर पुरणाचे कडबू मिळायचे नाहीत.” विज्ञानावर माझी श्रद्धा आहे, कडबवांवर जरा जास्त आहे. मी बसलो.

अण्णा एकटेच वर गेले आणि थोड्या वेळानं मोबाईल नाचवत आमच्या दारात आले. “नोडप्पा, नोड! बघ!” चंद्राची कोर आणि तिला अगदी खेटून शुक्र. इतका स्वच्छ फोटो पहिल्यांदाच आला होता. का, ते मी विचारलं नाही.

“अण्णा, आज चंद्र बघितलात?” सुमननं तोंड फिरवलं.

“मी शुक्र बघत होतो. हा मध्ये आला, त्याला मी काय करू?” अण्णा हसले, पण दारातनं हलेनात. “सुमन, शेजाऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या की दोष जातो म्हणतात. जरा घाल की.”

“अय्य! वडिलांच्या जागी तुम्ही. तुम्हाला कशी घालू?”

“घाल गं. आमची ही होती तोवर यासाठी कुणाच्या दारी जावं लागलं नाही.”

सुमनचं लक्ष अण्णांच्या शर्टाकडं गेलं.

“सणाच्या दिवशी हा शर्ट? बटणं कुठं गेली? आणि दुपारी जेवलात काय? चिरमुरे खाल्ले असतील! तिन्हीसांजेला एकटे शिडी चढता, पडला असतात म्हणजे? वयाचं काही भान?”

अण्णा मान खाली घालून ऐकत होते. सुमन श्वास घ्यायला थांबली.

“थांबलीस का गं?” अण्णा म्हणाले.