आप्पांनी लहान केलेली भिंत

आप्पा सरपोतदारांच्या तोंडून कुठलीही गोष्ट बाहेर पडली की ती दुपटीने मोठी होऊनच पडते. लीड्सला त्यांच्या घरामागे कोल्हा आला, तर आमच्यापर्यंत पोचेस्तोवर त्याचा लांडगा झालेला. ग्रीनहाऊसमधला टोमॅटो नारळाएवढा. आमच्या ह्यांनी तर नियमच करून टाकला होता, "आप्पांचं सगळं ऐकायचं, पण धरायचं निम्मं."

उलटा कारभार फक्त हॉस्पिटलात. तिथे आप्पा जन्मभर डॉक्टर. सुई कितीही जाडजूड असो, पेशंटच्या कानाशी हळू आवाजात म्हणायचे, "काही विशेष नाही हो, मुंगी चावल्यासारखं." मीही एकदा फसले आहे. कसली मुंगी, डोळ्यांपुढे काजवे चमकले.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या मंडळाची ग्रुप टूर चीनला निघाली. त्याआधी वर्षभर आप्पांनी लायब्ररीतून चीनच्या भिंतीबद्दलची पुस्तकं आणून आमचं डोकं पिकवलं होतं. बायकोला तर रोज एकच, "नलू, तुला एकदा त्या भिंतीवर उभी करतो, मग माझं काही मागणं नाही."

भिंतीच्या आदल्या दिवशी बीजिंगच्या राजवाड्यात इतकी तंगडतोड झाली की नलूवहिनींचा गुडघा टम्म फुगला. सकाळी कोच भिंतीच्या पायथ्याशी थांबला. वहिनींनी खिडकीतून बघितलं. पायऱ्या कसल्या, शिडीच ती. वरचं धुक्यात काहीच दिसत नव्हतं.

"तुम्ही जा," त्या म्हणाल्या. "माझं विणकाम आहे सोबत."

"छे, तुला सोडून?"

"वर्षभर भिंत भिंत करून जीव खाल्लात. आता बघून या मुकाट्याने."

आप्पा निघाले. मी मुद्दाम त्यांच्या मागेच राहिले. जगातल्या एवढ्या मोठ्या भिंतीचं हा माणूस दुप्पट कसं करतो, ते मला ऐकायचं होतं.

पहिल्या बुरुजापाशी पोचलो आणि धुकं विरलं. एका डोंगरावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर, भिंत आपली चाललीच होती. आमची गाईड फोटो काढू का विचारत होती, आप्पांना ऐकूच गेलं नाही. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं, आणि एकदम मागे वळले.

"अहो आप्पा, आत्ता तर सुरुवात आहे," मी म्हटलं.

"झालं की बघून. नलू एकटी आहे."

माझाही दम संपला होता, मीही उतरले. अर्ध्या वाटेवर थांबून त्यांनी एकदा वर पाहिलं.

कोचमध्ये वहिनींनी सुया खाली ठेवल्या. "कशी होती हो?"

मी कान टवकारले. आप्पांनी त्यांच्या सुजलेल्या गुडघ्यावर अलगद हात ठेवला. हळू आवाजात म्हणाले, "काही विशेष नाही गं. आपल्या पार्कच्या कडेला नाही का भिंत, तसलीच. जरा लांब, इतकंच." आणि वहिनींसाठी चहा बघायला खाली उतरले.

वहिनी त्यांच्या पाठीकडे बघत राहिल्या. हसत होत्या, पण डोळे भरले होते.

"हा त्यांचा वॉर्डातला आवाज," त्या मला म्हणाल्या. "एवढी सुंदर आहे का गं ती?"

मला निम्मंही सांगता येईना.