न विचारता केलेली सेवा

मनोरमाबाई रणनवरे यांना चर्चमध्ये कुणी मिठी मारायला गेलं, की त्या वाहतूक पोलिसासारखा हात पुढे करत आणि म्हणत, "विचारलंत का?"

समोरच्याचे हात हवेतच राहत. मग तो बिचारा विचारी, आणि मनोरमाबाई म्हणत, "नको."

फरीदाबादेत त्या आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहत. मूळच्या नगरच्या, इथल्या एका इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. पेशंटच्या कपाळाला हात लावण्याआधी "लावू का?" असं विचारायची शिस्त त्यांनी नर्सांच्या कित्येक तुकड्यांना लावली होती. निवृत्तीनंतर ती शिस्त लावायला आमची मराठी मंडळी तेवढी उरली. भाजीवाल्याने न विचारता पिशवीत कोथिंबीर टाकली तरी त्या ती परत करत. फुकटची कोथिंबीर परत करणारं गिऱ्हाईक त्याने साऱ्या हरियाण्यात पाहिलं नव्हतं.

अशा बाईंना पाळकसाहेबांनी तरुण संघाबरोबर मिशन ट्रिपला धाडलं. मुलांसोबत दोन वडीलधारी माणसं हवी होती, आणि बाकी सगळ्यांना नातवंडं सांभाळायची होती. दुसरा वडीलधारा मी. माझी पत्नी विमल जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि "सरांना जरा बदल हवाय" असं मंडळीने परस्पर ठरवलं होतं.

मनोरमाबाईंनी मला जिन्यात गाठलं. "तुम्हाला विचारलं का कुणी?"

"नाही."

"वाटलंच. मलाही नाही." मग दोन पायऱ्या उतरून, मागे न बघता, "थंडी असेल. कानटोपी घ्या."

ट्रिप परदेशाची होती. परदेश म्हणजे नेपाळ. यावरही त्या भडकल्याच. "पासपोर्ट लागत नाही, आणि म्हणे परदेश!"

संघाचा म्होरक्या रोहन. आईवडील पुण्याचे, हा दिल्लीत वाढलेला, गुडगावच्या एका नव्याकोऱ्या काचेच्या इमारतीत नोकरीला. पगार चांगला, मन त्याहून चांगलं, मराठी जेमतेम. त्याने सगळ्यांसाठी पिवळेधमक टी-शर्ट छापून आणले होते. पाठीवर मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं, की आम्ही सेवा करतो.

"आंटी, घाला ना, प्लीज. टीम दिसली पाहिजे यार."

"आणि सेवा नाही दिसली तरी चालेल?"

त्या टी-शर्टात बाईंनी प्रवासभर पोळ्या गुंडाळून ठेवल्या.

डोंगरातल्या त्या गावात शाळेची भिंत रंगवायचा कार्यक्रम होता. मुलं ब्रश घेऊन तयार, रंग आकाशी. मनोरमाबाई भिंतीपाशी गेल्या आणि नखाने खरवडू लागल्या. वर हिरवा रंग, त्याखाली गुलाबी, त्याखाली पिवळा. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर ओशाळून हिंदीत म्हणाले, "जी, हर टीम को रंगना अच्छा लगता है."

"रोहन!"

"यस आंटी?"

"यांना काय हवंय ते विचारलंस का?"

रोहनने विचारलं नव्हतं. मेलवर तारखा ठरल्या होत्या, रंग ठरला होता, गट ठरले होते. मास्तरांना विचारायचं तेवढं राहून गेलं होतं. मुलींच्या संडासाला दार नव्हतं. कित्येक महिने नव्हतं. आणि तिथून हाकेच्या अंतरावर ही भिंत येशूच्या नावाने चौथ्यांदा न्हाऊन निघणार होती! मलाही राग आला. मनोरमाबाईंसारखा तो मला मोठ्याने करता येत नाही, एवढंच.

मग दार बसवायचं ठरलं. आमच्या गटात इंजिनियरांचा सुकाळ, त्यामुळे दिवस गेला आणि दार उलटं बसलं. कडी बाहेरून. मास्तरांनी नम्रपणे विचारलं, आत गेलेल्या मुलीने काय करायचं? दुसऱ्या दिवशी ते पुन्हा काढून बसवलं.

शेवटच्या दिवशी कपडेवाटप. दिल्ली-फरीदाबादेत घरोघरी गोळा केलेल्या जुन्या कपड्यांची पोती उघडली. गावकरी ओळीत उभे. रोहन एका म्हातारीच्या खांद्यावर हात टाकून फोटोसाठी हसत होता, आणि मनोरमाबाईंनी नेहमीप्रमाणे कॅमेऱ्यावर पंजा ठेवला. पण "विचारलंस का?" हे शब्द काही आले नाहीत. त्या म्हातारीच्या अंगाकडे बघत राहिल्या.

म्हातारीने वांगी रंगाचा हातविणीचा स्वेटर घातला होता. एक बाही दुसरीपेक्षा बोटभर लांब.

तो विमलचा होता. आजारात तिला सारखी थंडी वाजायची, म्हणून मनोरमाबाईंनी विणलेला. लांब बाहीवरून दोघी तासन्‌तास हसत. आमची मुलगी सुट्टीत आली होती तेव्हा तिने, मला त्रास नको म्हणून, आईचं कपाट आवरून कपडे देऊन टाकले होते. स्वेटर त्यात गेला हे मला तिथे, त्या ओळीपाशी कळलं. माझा चेहरा बोलला असावा.

विमलला त्या स्वेटरमध्ये पाहिलेल्या कुणीतरी रोहनला सांगितलं. तो धावत आला. "अंकल, सॉरी, बिल्कुल टेन्शन नका घेऊ. हिला दुसरा देतो, हा परत घेतो. दोन मिनिटं."

"खबरदार!" मनोरमाबाई अशा कडाडल्या, की ओळ दोन पावलं मागे सरकली. "अंगावरचं उतरवणार तिच्या? दिलं तेव्हा विचारलं नाहीत, आता काढतानाही विचारणार नाही? माणसं आहेत का खुंट्या?"

मग त्या माझ्याकडे वळल्या. आवाज एकदम खाली आला. "सर, तुम्हाला विचारते. काय करायचं?"

वर्षभरात मला असं कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "असू दे. तिला होतोय."

त्यांनी मान हलवली. म्हातारीपाशी जाऊन विचारलं, "हात लगाऊँ, अम्मा?" ती हसली. मनोरमाबाईंनी पर्समधून सुईदोरा काढला, लांब बाही बोटभर दुमडली आणि तिथेच उभ्याउभ्या शिवून टाकली. टाके फार बारीक घातले. वेळही फार लावला.

परतीच्या प्रवासात त्या कुणावरही ओरडल्या नाहीत. मुलांनी डब्यात धिंगाणा घातला, पोळीवाला टी-शर्ट झेंड्यासारखा फडकवला, तरी नाही. शेवटी रोहन माझ्या कानाशी आला. "अंकल, आंटी डांट क्यों नहीं रहीं? तब्येत ठीक आहे ना?"

फरीदाबादला पोचल्यावर आम्ही दोघं जिना चढलो. मला आठवत होतं, विमल गेली तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. सगळे मला भेटायला आले होते. मनोरमाबाई कप विसळत होत्या.

त्या पर्समध्ये किल्ली शोधत होत्या. मी म्हणालो, "मनोरमाबाई, तुम्हाला विमलची आठवण येते का हो?"

किल्ली सापडली होती, तरी त्या शोधतच राहिल्या.

"हे आत्ता विचारताय?" त्या म्हणाल्या. स्वर तोच, भाजीवाल्यावर डाफरायचा. त्यांनी दार उघडलं आणि ते उघडंच ठेवून आत गेल्या.

मी जाऊन बसलो. आतून खलबत्त्याचा आवाज आला. त्यांनी साखर विचारली नाही, दूध विचारलं नाही, घेणार का तेही विचारलं नाही. कप आणून माझ्यासमोर ठेवला.

बिनसाखरेचा, आलं घातलेला चहा. मी आलं घेत नाही. विमल घ्यायची.

मी निमूटपणे प्यायलो.