शिंगराची बदली

दातांच्या डॉक्टरांनी जेवणाच्या टेबलावर चार रंगांच्या शाईने आखलेला तक्ता पसरला, तेव्हा त्यांची बायको हातात गरम पातेले धरून ते कुठे टेकवावे याचा विचार करत उभी होती. तक्त्याच्या डोक्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते : 'शिंगराचा सध्याचा तबेला बदलावा काय?' डावीकडे जुना तबेला, उजवीकडे नवा. निर्णय डॉक्टरांनी आठ दिवसांपूर्वीच घेऊन टाकला होता. तक्ता केवळ निःपक्षपातीपणासाठी होता. मोठमोठ्या समित्याही याहून वेगळे काही करत नाहीत.

"यात आपण जेवायचं कुठे, याचाही एक रकाना घ्या," बायको म्हणाली आणि तिने पातेले बरोबर 'नव्या तबेल्याचे तोटे' या रकान्यावर ठेवले. तो कोराच होता, त्यामुळे नुकसान काही झाले नाही.

डॉक्टर उजव्या बाजूने घास चावत तक्ता समजावून सांगू लागले. गेले वर्षभर ते उजव्याच बाजूने चावत होते. बायको हे रोज पाहत होती आणि त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हती. इतर बाबतीत ती अशी गप्प बसणारी नव्हती.

डॉक्टर माणूस भला होता. हात हलका, बोलणे मऊ. बावीस वर्षे त्यांनी गावाचे दात सांभाळले आणि त्याबद्दल गावाने त्यांना मनापासून टाळले. ते समोरून येताना दिसले की लोकांना एकाएकी रस्त्याच्या पलीकडे काम निघे. बागेत बाकावर बसले की शेजारचा घड्याळ पाहून उठे. सख्खा भाचासुद्धा मामाशी बोलायचे झाले की ओठ घट्ट मिटून नुसती मान हलवी. दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बायकोच बसत असल्यामुळे हे सगळे तिला तोंडपाठ होते. कोण दारापर्यंत येऊन परत फिरते, कोणाच्या घरी ऐन वेळी पाहुणे येतात, कोणाची दाढ जिना चढता चढताच बरी होते, हे ती पावलांच्या आवाजावरून सांगत असे.

तर अशा या डॉक्टरांनी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी घोडा घेतला. त्या वयात कोणी मोटारसायकल घेतो, कोणी पेटी शिकायला लागतो आणि आळीची झोप उडवतो. डॉक्टरांनी निदान त्रास गावाबाहेर ठेवला. लोकांना त्यांनी पाठीच्या व्यायामाचे कारण सांगितले. खरे कारण फक्त बायकोला सांगितले होते, तेही खिडकीबाहेर पाहत. "मी आलो की कोणाला तरी बरं वाटावं," ते म्हणाले होते, "एवढंच." त्यावर बायकोने काहीही खोचक बोलून दाखवले नव्हते. असे लग्नानंतर दोनदाच घडले होते.

घोडा म्हणजे तीन वर्षांचे तांबूस शिंगरू होते, कपाळावर पांढरा ठिपका असलेले. गावाबाहेर एका बाईंचा तबेला होता, तिथे ते ठेवले होते. मालकीणबाई गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून दिवसभर घाणीची हातगाडी ढकलत आणि गरजेपेक्षा एक शब्दही जास्त बोलत नसत. पहिले पाच आठवडे स्वर्गसुखाचे गेले. डॉक्टरांची चाहूल लागली की शिंगरू दाराशी येऊन खिंकाळे, आणि डॉक्टर घरी येऊन ते खिंकाळणे बायकोला करून दाखवत.

सहाव्या आठवड्यात शिंगराचा पहिला दुधाचा दात पडला. तो डॉक्टरांना पेंढ्यात सापडला. त्यांनी तो धुऊन, पुसून दवाखान्यात काचेच्या वाटीत ठेवला आणि प्रत्येक रोग्याला दाखवला. रोग्यांना त्यामुळे काय वाटले ते कोणी विचारले नाही. मात्र त्याच आठवड्यापासून शिंगराचे वागणे बिघडले. डॉक्टरांची पावले वाजली की ते कान मागे पाडून दाराकडे पाठ करी. एकदा तर ते वैरणीच्या ढिगामागे डोके लपवून उभे राहिले आणि बाकीचा चार हात लांब घोडा बाहेर राहिला आहे याची त्याला कल्पनाच नव्हती.

डॉक्टरांनी शास्त्रीय पद्धतीने विचार केला आणि शिंगराला तबेला आवडत नाही असा निष्कर्ष काढला. दुसरेही काही कारण असू शकते, असा रकाना तक्त्यात नव्हता. त्यांनी मालकीणबाईंना विचारले.

"दिवसभर झकास असतं," त्या हातगाडी न थांबवता म्हणाल्या. "संध्याकाळी सहाला बिघडतं."

डॉक्टर रोज सहा वाजताच तिथे पोचत. त्यांनी या माहितीवर दोन दिवस डोके चालवले आणि त्या वेळी बाईंच्या रेडिओवर सहाच्या बातम्या लागतात हे शोधून काढले. मग त्यांनी बाईंना रेडिओ बंद करायला लावला. शिंगराने पाठच दाखवली. मग फाटकाला तेल घातले, हातगाडीचे चाक बदलायला लावले, शेजारच्या म्हाताऱ्या घोड्याला तीन दारे पलीकडे हलवले. त्या म्हाताऱ्याने नव्या जागेवर रागावून दोन दिवस खाणे सोडले. शिंगराच्या पाठीत फरक पडला नाही.

तेव्हा डॉक्टर एकटेच नवा तबेला पाहायला गेले. खरे तर त्याला तबेला म्हणणे हा तिथल्या व्यवस्थापकांचा अपमान होता. त्यांच्या मते ते 'अश्वनिवास' होते. व्यवस्थापकांचा पांढरा सदरा इतका स्वच्छ होता की त्यांनी शेवटचा घोडा चित्रात पाहिला असावा. जमिनीला रबर, भिंतीला आरसे, छतातून मंद संगीत. भरायला सहा पानी अर्ज, त्यात 'घोड्याचे बालपण कसे गेले?' आणि 'घोड्याचा आवडता रंग' असे प्रश्न. अर्ज पाहून डॉक्टरांना भरून आले. इथे आपल्यासारखी माणसे आहेत, असे त्यांना वाटले.

"इथले घोडे खूश आहेत, हे कसं ओळखता?" त्यांनी विचारले.

"तक्रारवही कोरी आहे," व्यवस्थापक म्हणाले.

डॉक्टरांनी अर्ज भरला. आवडता रंग त्यांनी अंदाजाने हिरवा लिहिला. मग त्यांनी जुन्या तबेल्यात जाऊन मालकीणबाईंना निर्णय सांगितला. त्यांच्या संभाव्य आक्षेपांवर त्यांनी अकरा उत्तरे तयार ठेवली होती. बाई "बरं" म्हणाल्या आणि हातगाडी घेऊन निघून गेल्या. अकराच्या अकरा उत्तरे वाया गेल्याचे डॉक्टरांना पुढे बरेच दिवस वाईट वाटत राहिले.

घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितले की ही शेवटची खटपट. नव्या जागीही त्याने पाठच केली, तर शिंगरू विकून टाकायचे. हे सांगताना ते हसले, पण ते हसू काही खरे नव्हते. बायकोने आजवर तबेल्यात पाऊल टाकले नव्हते. घोड्यांना वास येतो, असे तिचे ठाम मत होते. पण त्या हसण्यामुळे तीच म्हणाली, "शनिवारी सामान हलवायला मी येते. बादल्या कोण मोजणार?"

शनिवारी सकाळी घोडे वाहून नेणारी गाडी आली. दवाखाना बंद असल्याचे रोग्यांना कळवले होते, आणि सगळ्यांनी अत्यंत समजूतदारपणे 'मुळीच घाई नाही' असे उत्तर पाठवले होते. गाडीवाला खाली उतरला, तेव्हा त्याचा डावा गाल टम्म सुजलेला होता.

"दाढ का?" डॉक्टरांनी आनंदाने विचारले.

गाडीवाल्याने त्यांच्या हातातली दातांच्या अवजारांची पेटी पाहिली. "माशी चावली," तो म्हणाला आणि त्याने गाल दुसरीकडे फिरवला.

गाडीची फळी खाली टाकली. मालकीणबाईंनी शिंगराला दाव्याने धरून आणले. डॉक्टर फळीच्या वरच्या टोकाला, गाडीच्या तोंडाशी हात पसरून उभे राहिले. "ये, ये. काही होणार नाही," ते मऊ आवाजात म्हणाले. शिंगराने त्यांच्याकडे एकदा पाहिले आणि ते दाव्यासकट, बाईंसकट शेणखताच्या ढिगाकडे निघाले.

पुढचे दोन तास सगळ्यांनी आपापली अक्कल वापरली. फळीवर पेंढा पसरला. गाजरे दाखवली. ती शिंगराने मान लांब करून खाल्ली आणि पाय होते तिथेच ठेवले. गाडीवाल्याने डोळ्यांवर फडके बांधायचे सुचवले. फडके बांधलेल्या शिंगराने डॉक्टरांचा आवाज ऐकताच उलटे चालत जाऊन नवे चाक लावलेली हातगाडी पाडली. शेवटी डॉक्टर स्वतः पुढे होऊन, त्याला चुचकारत, पाठीमागे पावले टाकत फळी चढायला लागले आणि पाण्याच्या बादलीत बसले. कोणी हसले नाही. बायकोने फक्त हातातल्या सामानाच्या यादीतली ती बादली खोडली.

गाडीवाला आता वैतागून जवळ आला. ओल्या विजारीनिशी उठलेल्या डॉक्टरांना त्याचा गाल पुन्हा दिसला आणि त्यांचा हात आपोआप पुढे झाला. गाडीवाल्याने कान पाडले असते, पण माणसाला ती सोय नसते. त्याने मान वळवली, खांदा वर घेतला आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून तिरपे पाहिले. त्याच्यामागे उभ्या शिंगराने त्याच क्षणी मान वळवली, खांदा वर घेतला आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून तिरपे पाहिले.

बायकोने हातातली यादी खाली केली. ती नजर तिने रोज सकाळी दहा ते एक पाहिली होती.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही रोज इथे आलात की पहिलं काय करता?"

"पहिलं? पहिलं तोंड बघतो. दुधाचे दात पडतायत ना त्याचे. या वयात फार काळजी घ्यावी लागते. खालचे मधले दोन तर..."

"रोज?"

"रोज," उत्तर मालकीणबाईंनी दिले. "ओठ वर करून. बॅटरी लावून."

"आणि तुम्ही काही बोलला नाहीत?" बायकोने त्यांना विचारले.

"बोलले की. सहाला बिघडतं म्हटलं." बाईंनी पडलेली हातगाडी उभी केली. "तर माझा रेडिओ बंद केला."

बायकोने नवऱ्याला अवजारांच्या खोपटामागे जाऊन उभे राहायला सांगितले. डॉक्टर गेले. खोपटाच्या फळ्यांत बोटभर फट होती. त्या फटीतून त्यांनी पाहिले : बाईंनी दावे सैल सोडले, जीभ टाळ्याला लावून एक आवाज केला आणि शिंगरू जिना चढावा तसे टपटप फळी चढून आत गेले व वैरण खाऊ लागले. सगळे मिळून अर्धे मिनिट लागले.

डॉक्टरांना फार वाईट वाटले. बावीस वर्षांत जेवढे वाटले नव्हते तेवढे त्या अर्ध्या मिनिटात वाटले. माणसांचे ठीक होते. माणसे त्यांच्याकडे येण्याआधीच दातांच्या दुसऱ्या कोणा डॉक्टरला घाबरलेली असायची. हे शिंगरू पाच आठवडे त्यांना पाहून खिंकाळत होते. त्याला दातांचा डॉक्टर म्हणजे काय हे ठाऊकही नव्हते, आणि ते त्यांनी स्वतः, बॅटरी लावून शिकवले होते.

"चढलं," गाडीवाला खोपटाकडे तोंड करून ओरडला. "निघू या?"

रबराची जमीन तयार होती. आरसे पुसलेले होते. आवडता रंग नोंदवलेला होता. डॉक्टर खोपटाआडून बाहेर आले.

"उतरवा त्याला," ते म्हणाले. "ते कुठे जायचं नाही."

शिंगराने फळीच्या टोकाशी उभ्या डॉक्टरांना पाहिले आणि उतरायला साफ नकार दिला. डॉक्टर मुकाट्याने परत खोपटामागे गेले.

व्यवस्थापकांना त्यांनी तिथूनच फोन केला. अर्ज मागे घेण्याचे कारण विचारल्यावर त्यांनी खरे ते सांगितले. जागेबद्दल तक्रार नाही, तक्रार मालकाबद्दल आहे. व्यवस्थापक बराच वेळ पाने उलटत राहिले आणि मग म्हणाले की असा रकाना आमच्याकडे नाही.

उपचार बायकोने ठरवला. महिनाभर रोज सहाला यायचे, दोन्ही हात खिशात घालायचे, शिंगराकडे पाठ करून अर्धा तास उभे राहायचे आणि घरी जायचे. बोलायचे नाही, बॅटरी घरी ठेवायची. 'काही होणार नाही' हे तर अजिबात म्हणायचे नाही. आयुष्यभर दुसऱ्यांना पथ्य सांगणाऱ्या डॉक्टरांनी हे पथ्य निमूट पाळले. मालकीणबाईंनी रेडिओ पुन्हा लावला आणि म्हाताऱ्या घोड्याला जुन्या जागी आणले. डॉक्टरांना खांबासारखा वळसा घालून त्या हातगाडी नेत. बायकोही रोज येऊन पालथ्या बादलीवर बसू लागली. घोड्यांना वास येतो हे तिचे मत बदलले नव्हते, पण असा देखावा घरबसल्या दिसला नसता.

तेविसाव्या दिवशी सहाच्या बातम्या चालू असताना डॉक्टरांच्या मानेवर ऊन श्वास आला. ते हलले नाहीत. मग कानाशी मऊ नाक लागले, मग कॉलर ओढली गेली. डॉक्टर हळूच वळले. शिंगरू समोर होते. कान पुढे, डोळे सरळ. ते घशातल्या घशात खिंकाळले. डॉक्टरांचे डोळे भरून आले, आणि ते तोंडभर, दाढा दिसेपर्यंत हसले.

शिंगराला ते उघडे तोंड फार नवलाचे वाटले. त्याने नाक आणखी पुढे घातले, डॉक्टरांचा वरचा ओठ आपल्या ओठाने उचलला आणि आत नीट निरखून पाहिले.

डॉक्टरांनी खाडकन तोंड मिटले. डावा गाल हाताने झाकला, मान वळवली, खांदा वर घेतला आणि दोन पावले मागे सरून डोळ्याच्या कोपऱ्यातून तिरपे पाहू लागले.

बादलीवर बसलेली बायको उठली. वर्षभर उजव्या बाजूने चावलेले सगळे घास तिने मोजून ठेवलेले होते.

"डावीकडची खालची ना?" तिने विचारले. "दाखवा त्याला. काही होणार नाही."