चपला काढण्याजोगं

डहाणूच्या वीजकेंद्राची चिमणी बांधून पुरी झाली, तेव्हा राऊतभाऊ तिच्यासमोर भर रस्त्यात चपला काढून उभे राहिले. मागच्या रिक्षावाल्यानं शिव्या घातल्या. भाऊ मान खाली न करता म्हणाले, "अरे बाबा, आधी वर बघ. माणसाच्या हातानं बांधलंय हे!" रिक्षावाल्यानं वर बघितलं आणि हॉर्नवरचा हात काढला.

भाऊ डहाणू रोड स्टेशनात पार्सल क्लार्क, मी तिकीट खिडकीवर. मसोलीला आमची घरं शेजारी-शेजारी. दिवसभर चिकूच्या पेट्यांवर नंबर घालणारा हा माणूस, पण नियम एकच: "मोठ्या गोष्टीपुढे पायात काही घालून उभं राहू नये." देवळापुढे काय, सगळेच काढतात. भाऊ धरणापुढे काढत, जुन्या वडापुढे काढत, नव्या इंजिनापुढेही काढत. मी त्यांची थट्टा करायचो. पण खरं सांगतो, त्यांच्यासोबत उभं राहिलं की रोजचं इंजिनही मला नव्यानं दिसायचं.

भाऊंची बायको, आमच्या वहिनी, मात्र उधवा गावच्या, पायांत जन्मभराची माती. काहीही दाखवा, त्यांचं उत्तर ठरलेलं, "त्यात काय मोठं?" दरवर्षी रेल्वेच्या पासावर भाऊ त्यांना कुठंतरी न्यायचे. एकच हट्ट. बायकोनं आयुष्यात एकदा तरी 'अबब' म्हणावं.

त्या मे महिन्यात दोन्ही घरं मिळून त्रिवेंद्रमला निघालो. स्टेशनावर चिकूचे एक गुजराती व्यापारी हसले, "अरे राऊतभाई, नारळ न् दर्या तो अहींया पण छे! एवढ्या लांब जाऊन काय बघायचं?" भाऊ म्हणाले, "शेठ, तिथला नारळ वेगळा उभा राहतो."

त्रिवेंद्रमला पोचलो तसा मीही बघतच राहिलो. देवळाचं गोपुर बघता बघता मान दुखली. हजारो मूर्ती, आणि एकीसारखी दुसरी नाही. भाऊंचे डोळे भरून आले. वहिनी म्हणाल्या, "पुसायला किती माणसं लागत असतील!" प्राणिसंग्रहालयात पाणघोड्यानं जबडा उघडला, भाऊंनी चपला काढल्या. वहिनी म्हणाल्या, "वाणगावच्या बाजारात याच्या तोडीची म्हैस बघितलीय मी."

भाऊंची शेवटची आशा म्हणजे कोवळमचं दीपगृह. पायथ्याशी त्यांनी चपला काढल्या, अनवाणी वर चढले. वर पोचलो. खाली नारळांचं हिरवं रान, पलीकडे निळा समुद्र, त्याला अंतच नाही. भाऊ हळूच म्हणाले, "अगं, बघ ना." वहिनींनी एका हातानं धाकट्या लेकीचा फ्रॉक धरला होता, दुसऱ्या हातात तीन पिशव्या. त्या म्हणाल्या, "बघितलं. आपल्या चिमणीपेक्षा ठेंगणंच आहे."

खाली आलो तर चपला गायब. देवळापुढे चपला काढल्या तर कुणी लक्ष ठेवतं, दीपगृहापुढे कोण ठेवणार? भर दुपारी डांबर तापलेलं, भाऊ तव्यावर पाय पडल्यासारखे नाचायला लागले. वहिनींनी आपल्या चपला त्यांच्यापुढे सरकवल्या. "घाला. मला सवय आहे, लहानपणी कुठे होत्या?" भाऊंच्या टाचा मागं लोंबत होत्या. मी हसत सुटलो. वहिनी अनवाणी चालल्या, तेव्हा कुठं माझं हसू आटलं.

परतीच्या गाडीत भाऊ खिडकीशी बसूनही बाहेर बघत नव्हते. म्हणाले, "तिला नाहीच आवडलं. आता पुढच्या वर्षी पास काढत नाही." एवढं उदास मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

आठवड्यानं आम्ही दोघं बाजारातून परतत होतो. भाऊंच्या ओट्यावर बायका लोणच्याच्या कैऱ्या फोडत बसल्या होत्या, आणि मधोमध वहिनी रंगून सांगत होत्या. कुंपणाशी आमचे पाय थबकले.

"अबब, बाई! काय ते गोपुर! नुसती मूर्तीवर मूर्ती. आणि दीपगृहावरून समुद्र असा दिसतो, की वाटतं देवानं आत्ताच ओतलाय. पायात काही घालून बघूच नये तो!"

माझ्या बायकोनं विचारलं, "मग तिथं का नाही बोललात, वहिनी? भाऊ बिचारे किती हिरमुसले!"

वहिनींचा कैरीवरचा हात थांबला. "दोघंही आ वासून उभे राहिलो तर पोरं आणि पिशव्या कोण सांभाळणार? ते बघतात ना, तेव्हा मी त्यांच्याकडे बघते. मला सगळं दिसतं." मग पुन्हा कैरी फोडत त्या पाणघोड्यावर आल्या.

मी भाऊंकडे बघितलं. त्यांनी भाजीची पिशवी माझ्या हातात दिली, नव्या चपला हळूच काढल्या आणि कुंपणाबाहेर हात जोडून उभे राहिले.

मीही माझ्या काढल्या.